परांची कुठवर ठेवायची?

नव्या इमारतीभोवती बांधलेली बांबूंची परांची तुम्ही पाहिली असेल. तिच्यावाचून गवंड्याचे चालत नाही. पण लोक राहायला आल्यावर ती तशीच ठेवली, तर चोरालाही तिच्यावरून खिडकी गाठता येते. संकेतस्थळे बांधणाऱ्यांनाही हीच काळजी घ्यावी लागते.

संकेतस्थळाची आज्ञावली कोणी पहिल्या अक्षरापासून लिहीत नाही. तयार सांगाडा घेतात. 'रेल्स' हा असाच सांगाडा डेन्मार्कच्या डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २००४ साली सर्वांना खुला केला. तो 'रूबी' या संगणकभाषेत आहे. रूबीत इतरांनी लिहिलेल्या तयार आज्ञावल्यांना 'जेम', म्हणजे रत्न, म्हणतात. हवी ती रत्ने 'जेमफाइल' या यादीत लिहायची; 'बंडलर' ती आणून बसवतो.

आता रेल्सची आज्ञावली तीन परिस्थितींत चालते : लिहिताना, तपासताना आणि लोक वापरत असताना. म्हणून यादीतही गट पाडतात. 'वेब-कन्सोल' हे रत्न पाहा. चूक झाली, की ते त्याच पानावर एक चौकोन उघडते. त्यात लिहिलेला हुकूम आज्ञावली तत्काळ पाळते. चूक शोधणाऱ्याला केवढी सोय! पण हा चौकोन परक्याच्या हाती लागला तर? म्हणून ते केवळ लिहिण्याच्या गटात ठेवतात आणि लोकांसाठीच्या संगणकावर 'लिहिण्याचा व तपासण्याचा गट वगळ' असे बंडलरला बजावतात. अमेरिकेतील 'पेट्रिऑन' या संकेतस्थळात २०१५ साली परके शिरले, ते दुरुस्तीसाठीची एक प्रत लोकांना उघडी राहिल्यामुळे. ते रेल्सवरचे नव्हते, पण गफलत याच जातीची.

यापुढची गोष्ट मला अधिक सुंदर वाटते. समजा, लोकांसाठीच्या गटातील एका रत्नाला 'क' या रत्नाची पहिली किंवा दुसरी, कोणतीही आवृत्ती चालते. तपासणीच्या गटातील दुसऱ्या रत्नाला मात्र पहिलीच हवी. तपासणीचा गट वगळला, तर बंडलर दुसरी आवृत्ती बसवील, असे तुम्हाला वाटेल. तसे होत नाही! वगळलेला गट बसवला जात नाही, पण आवृत्त्या ठरवताना तो हिशेबात धरला जातो, आणि ठरलेल्या आवृत्त्या 'जेमफाइल.लॉक' या फायलीत नोंदल्या जातात. नाहीतर एका स्प्रिंगचा स्थिरांक मोजून यंत्रात भलतीच स्प्रिंग बसवल्यासारखे झाले असते.

उलटी चूकही होते, बरे का. रोज लागणारे रत्न कोणी तपासणीच्या गटात लिहिले, तर सगळ्या चाचण्या बिनबोभाट पार पडतात, कारण तेथे ते हजर असते. आज्ञावली कोसळते ती लोकांसमोर. अशा वेळी जाणकार माणूस आज्ञावलीच्या ओळी वाचण्याआधी जेमफाइल उघडतो आणि ते रत्न कोणत्या गटाखाली लिहिले आहे ते पाहतो.