आधी बाहेर पडायचा दरवाजा बघा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणातला रविवार होता, मी सांवेरला घरी आले होते. आई पोह्यांवर शेव घालत होती तेवढ्यात सचिवकाकांचा फोन आला. "अगं, आपल्या संस्थेची वेबसाइट उघडली की भलत्याच जाहिराती येतायत. गणपती महिन्यावर आलेत. जरा बघ ना, तूच केली होतीस."

मीच केली होती, हे खरं. २०१० साली, बीईच्या शेवटच्या वर्षाला असताना, हौसेने. माळव्यातली एक जुनी मराठी संस्था. मुख्य कार्यालय इंदूरला, शाखा उज्जैन, देवास, धार इथे आणि आमच्या सांवेरला पंधरा-वीस घरांचा गट. कार्यक्रमांची पत्रकं, गणेशोत्सवाचे फोटो, जुन्या स्मरणिकांमधले लेख, सगळं मी त्या साइटवर चढवलं होतं. त्यात माझ्या आजोबांचा एक लेख होता. ते शिक्षक म्हणून सांवेरला बदलून आले तेव्हा इथे मराठी घरं किती होती, उत्सव कुणाच्या ओसरीवर व्हायचा, आरतीला पेटी कोण वाजवायचं, असं बरंच काही. स्मरणिकेची घरातली प्रत पुढे एका पावसाळ्यात भिजून गेली. "साइटवर आहे की," म्हणून कुणी हळहळलंही नाही.

काय झालंय ते दहा मिनिटांत कळलं. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, ठरावीक मुदतीने पैसे भरून राखावा लागतो. त्याची आठवणपत्रं माझ्या कॉलेजच्या वेळच्या ईमेलवर जात होती आणि तो ईमेल मी कित्येक वर्षांत उघडलाच नव्हता. मुदत संपली, पत्ता मोकळा झाला, दुसऱ्या कुणीतरी तो घेतला. सर्व्हरवरची जागा त्याच खात्यावर होती, तीही गेली. पासवर्ड माझ्या एकटीकडे. आता दोष कुणाला द्यायचा? आरशात दिसते तिलाच.

नवी साइट करायचं ठरलं आणि काम पुन्हा माझ्याच गळ्यात आलं. या वेळी मात्र बांधायला घेण्याआधी नीट पारखून घ्यायचं ठरवलं. ती पारख कशी केली, काय चुकलं, काय कळलं, ते इथे लिहिते. आपल्यापैकी अनेकांच्या घरात कुणीतरी एखाद्या मंडळाची, शाळेची, ट्रस्टची साइट सांभाळतंच. त्यांना उपयोग होईल.

सीएमएस म्हणजे काय

मोठ्या संस्थेची साइट एक माणूस हाताने लिहीत बसू शकत नाही. त्यासाठी कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे सीएमएस लागते. प्रोग्रॅमिंगचा गंध नसलेल्या माणसाने मजकूर लिहावा, फोटो जोडावा, बटण दाबावं आणि पान साइटवर दिसावं, एवढं तिचं काम. मजकूर एका जागी राहतो, सजावट दुसऱ्या जागी. त्यामुळे उद्या रंगरूप बदललं तरी मजकुराला हात लावावा लागत नाही.

यातली तीन नावं बहुतेकांच्या कानावरून गेलेली असतात. ड्रुपल २००१ साली आलं, बेल्जियमच्या ड्रीस बाउटार्ट या तरुणाने केलेलं. वर्डप्रेस २००३चं; आज जगातल्या दर दहा वेबसाइटींमधल्या चारांहून अधिक त्यावर चालतात. जूमला २००५चं. हे नाव स्वाहिली भाषेतल्या 'सगळे मिळून' अशा अर्थाच्या शब्दावरून घेतलंय आणि तो शब्द मूळ अरबी. आपल्या जुन्या हिशेबातला एकूण बेरजेचा 'जुमला' तोच. तिन्ही फुकट, तिन्हींचा कोड सगळ्यांना खुला. याशिवाय महिन्याला भाडं घेऊन तयार साइट देणाऱ्या कंपन्या आहेतच.

बेचाळीस ओळींचा तक्ता

मी सवयीप्रमाणे तक्ता केला. बेचाळीस ओळी. फोटो येतात का? होय. अनेक भाषा? होय. फॉर्म? होय. सगळ्या रकान्यांत 'होय'च. प्रत्येक सॉफ्टवेअरला सगळंच येतं, कारण ज्याला मुळात येत नाही त्याला जोडणी बसवता येते. तक्ता बाबांना दाखवला. ते बँकेतून निवृत्त झालेत, तक्त्यांना भुलत नाहीत. म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, पण चालवणार कोण? मागची साइट तुला येत होती. आणखी कुणाला येत होती?"

तक्ता बाजूला ठेवला. वर्डप्रेस, ड्रुपल आणि भाड्याची एक तयार साइट अशा तिघांच्या चाचणीच्या प्रती लावल्या आणि संस्थेतल्या पाच जणांना पाच कामं दिली. हळदीकुंकवाची सूचना फोटोसकट मराठीत लावायची. वर्गणीची रक्कम बदलायची. चुकून गेलेला मजकूर मागे आणायचा. शाखेने लिहिलेलं पत्रक सचिवांनी वाचून मगच प्रसिद्ध करायचं. आणि हे सगळं मोबाइलवरून. पाच जणांत कॉलेजचा एक मुलगा होता, खजिनदार होते आणि अडुसष्ट वर्षांच्या एक काकू होत्या. मी शेजारी गप्प बसून बघायचं, मदत करायची नाही. हे शेवटचं सर्वांत अवघड गेलं.

वर्डप्रेसवर काकूंनी पहिल्याच बैठकीत सूचना लावली. त्यात 'कंट्रिब्युटर' नावाची भूमिका तयारच असते: लिहू शकतो, प्रसिद्ध करू शकत नाही. शाखांसाठी तेवढं पुरलं. ड्रुपलमध्ये भाषांची सोय आणि मसुदा-तपासणी-प्रसिद्धी अशी पायरीवार मंजुरी मूळ सॉफ्टवेअरमध्येच मिळते, आणि 'कार्यक्रम', 'स्मरणिका', 'सभासद' असे मजकुराचे वेगळे साचे नेमके बांधता येतात. पण ते मांडून द्यायला जाणकार लागतो आणि आमच्याकडे जाणकार म्हणजे मी एकटीच. भाड्याची साइट दिसायला सगळ्यांत देखणी होती. काकू म्हणाल्या, "छान आहे गं, पण आपली वाटत नाही." त्या का म्हणाल्या ते मला पुढे कळलं.

मोठ्यांचं कसं चालतं

आपल्या इंदूर जिल्ह्याची सरकारी साइट बघा आणि मग देशातल्या दुसऱ्या कुठल्याही जिल्ह्याची बघा. ठेवण सारखीच दिसेल. एनआयसी या केंद्र सरकारच्या संस्थेने 'एसथ्रीवास' नावाची एक सामाईक व्यवस्था उभी केली आहे आणि बहुतेक जिल्ह्यांच्या साइटी तिच्यावर चालतात. यातलं 'एसथ्री' म्हणजे सिक्युअर, स्केलेबल आणि सुगम्य. सुरक्षा आणि साचा मध्यवर्ती ठिकाणी सांभाळायचा, जिल्ह्याने फक्त आपला मजकूर भरायचा. आम्ही हेच उचललं: संस्थेची साइट एकच, शाखांना त्यात आपापली खोली. धारच्या शाखेने स्वतःची वेगळी साइट काढायची नाही.

सरकारी साइटींसाठी २००९पासून मार्गदर्शक नियमही आहेत. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ची. फोटोखाली त्यात काय आहे ते शब्दांत लिहा, म्हणजे न दिसणाऱ्यालाही ऐकता येईल. माउसशिवायही साइट चालली पाहिजे. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगात पुरेसा फरक ठेवा. आपल्या मंडळांना हे सक्तीचं नाही, पण आपले अर्धे वाचक साठी ओलांडलेले आहेत हे विसरून कसं चालेल?

आता दुसरी बाजू. १५ ऑक्टोबर २०१४ला ड्रुपलमधली एक गंभीर फट जाहीर झाली आणि दुरुस्तीही त्याच दिवशी दिली गेली. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्याच सुरक्षा गटाने सांगितलं की ज्यांनी पहिल्या सात तासांत दुरुस्ती बसवली नाही त्यांनी आपली साइट फोडली गेली असंच समजून चालावं. सात तास! आमच्या कार्यकारिणीची बैठक महिन्यातून एकदा होते. म्हणून सीएमएस निवडताना विचारायचा प्रश्न हा की दुरुस्त्या आपोआप बसतात का, आणि बसत नसतील तर त्या कोण बसवणार, त्याचं नाव काय.

सॉफ्टवेअर म्हातारंही होतं. ड्रुपल ७ जानेवारी २०११मध्ये आलं, त्याची अधिकृत देखभाल ५ जानेवारी २०२५ला थांबली. सातवरून आठवर जाणं म्हणजे जवळजवळ नवी साइट बांधणंच होतं. अमेरिकेच्या व्हाइट हाउसने २००९मध्ये ड्रुपल घेतलं आणि २०१७च्या शेवटी ते सोडून वर्डप्रेस घेतलं. म्हणजे तुम्ही आज जे निवडाल ते दहा-पंधरा वर्षांत सोडावं लागणार, हे धरूनच चालायचं.

हे नीट निभावल्याचं उदाहरण आपल्या मराठीतच आहे. 'मायबोली' हे संकेतस्थळ १९९६च्या गणेश चतुर्थीला सुरू झालं. तेव्हा मराठी युनिकोडमध्ये लिहिण्याची आजची सोय नव्हती. पुढे ते ड्रुपलवर आलं, पण जुन्या 'हितगुज'वरचं लिखाण त्यांनी टाकून दिलं नाही, वाचायला ठेवलं. मला या सगळ्या धांदलीत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटली.

मराठीची परीक्षा वेगळी घ्या

इंग्रजी साइटींचे कौतुकाचे लेख वाचून निवड करू नका. आपल्या भाषेत काही वेगळंच अडतं.

साइटची भाषा सेटिंगमध्ये 'हिंदी' न ठेवता 'मराठी' ठेवा. चांगल्या फॉन्टमध्ये त्यामुळे ल आणि श मराठी वळणाचे दिसतात. 'सुऱ्या', 'दऱ्या' लिहून बघा, अर्धा र नीट येतो का ते पाहा. सभासदांची यादी वर्णक्रमाने लावा: मराठीत क्ष आणि ज्ञ शेवटी येतात, हिंदीत क आणि ज सोबत. आमच्या यादीत क्षीरसागर कुलकर्ण्यांच्या शेजारी जाऊन बसले तेव्हा कुठे हे लक्षात आलं.

पानाचा पत्ता देवनागरीत ठेवला तर संगणकासाठी प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा नऊ इंग्रजी चिन्हांची होते. वर्डप्रेसमध्ये या भागाला दोनशे चिन्हांची मर्यादा आहे, म्हणजे बावीसेक अक्षरांनंतर शीर्षक तुटतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की टक्केवारीच्या खुणांची रांगच्या रांग दिसते. आम्ही पत्ते छोटे, रोमन लिपीत ठेवले.

आणि तो दरवाजा

सगळे विक्रेते, सगळे लेख आत यायचा दरवाजा दाखवतात. बाहेर पडायचा कुठे आहे ते कुणी दाखवत नाही. म्हणून सहावं काम मी स्वतः केलं: प्रत्येक सीएमएसमधून सगळा मजकूर बाहेर काढायचा आणि दुसऱ्या संगणकावर उभा करायचा.

आम्ही पाहिलेल्या भाड्याच्या साइटमधून मजकुराचा काही भाग निघाला. मांडणी, फॉर्म आणि फोटोंचे संच निघाले नाहीत. भाडं थांबलं की तेही थांबणार. काकूंचं 'आपली वाटत नाही' अगदी बरोबर होतं. वर्डप्रेसमधून एक फाइल निघते, तिच्यात सगळे लेख असतात. पण सावध राहा: त्या फाइलमध्ये फोटो नसतात, फोटोंचे फक्त पत्ते असतात. नवी साइट ते फोटो जुन्या साइटवरून आणते. जुनी आधीच बंद झाली असेल तर फोटो गेले. म्हणून फोटोंचा फोल्डर आणि डेटाबेसची प्रत वेगळी काढावी लागते.

आम्ही वर्डप्रेस घेतलं. ते सर्वांत श्रेष्ठ आहे असा माझा दावा नाही. पन्नास विभाग आणि तीन भाषा असलेल्या विद्यापीठाने विचारलं तर मी ड्रुपलकडे बोट दाखवीन. आमच्याकडची माणसं, त्यांचा वेळ आणि बाहेर पडायची सोय पाहून ही निवड झाली. डोमेन आता संस्थेच्या नावावर आहे, आठवणपत्रं तीन पदाधिकाऱ्यांच्या पत्त्यांवर जातात आणि पासवर्ड एका लखोट्यात संस्थेच्या कपाटात आहे.

आजोबांच्या लेखाचं काय झालं? कॉलेजच्या पुस्तकांखाली एक सीडी सापडली, तिच्यात २०१०च्या फाइली होत्या. उघडल्या तर सगळी अगम्य इंग्रजी चिन्हं. तेव्हा मी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केला होता. परिवर्तकातून काढला तेव्हा बराचसा वाचता आला, पण जोडाक्षरं विस्कटली होती. बाबांनी तीन रविवार बसून एकेक शब्द लावला. दोन ठिकाणी त्यांनाही आठवेना, तिथे आम्ही टिंबं ठेवली आहेत. लेखासोबतचे फोटो मात्र सीडीत नव्हते. ते गेले ते गेलेच.

दर दिवाळीला वहीपूजनाच्या दिवशी आम्ही साइटची पूर्ण प्रत काढून हार्ड डिस्कवर घेतो आणि ती एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून बघतो. उघडून बघितलेली नसेल तर ती प्रत मोजायची नाही, असा नियम केलाय. गेल्या वर्षी हे काम कॉलेजच्या त्या मुलाने केलं. मी फक्त फराळाला गेले होते.