बिघडलेले अक्षर

मी पेशाने मराठीचा प्राध्यापक. गेली अठरा वर्षे विद्यार्थ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढतो आहे आणि अजून थकलेलो नाही, यावरून माझ्या चिकाटीची कल्पना वाचकांना यावी! वैद्यकातले मला ओ की ठो कळत नाही. तरी दिवाळी अंकासाठी काही लिहा, असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा यंदा साहित्य बाजूला ठेवून एका दुखण्याची हकीकत सांगावी, असे मनाने घेतले. कारण त्या हकिकतीत एक चूक माझीही आहे.

२०१८ साली प्रथम वर्षाच्या वर्गात एक मुलगा होता. अक्षर म्हणजे मोत्यांचे दाणे! कॉलेजचे भित्तिपत्रक त्याच्याच हातचे असे. दुसऱ्या वर्षी मात्र त्याच्या वहीवरून शाईत बुडालेली मुंगी फिरून गेल्यासारखे दिसू लागले. वाचायला उठवावे, तर जीभ जड. मी भर वर्गात म्हणालो, "काय रे, लेखणी गहाण टाकलीस की काय?" वर्ग हसला. तोही हसला. निबंधाचे तीन गुण कापले ते वेगळेच.

महिन्याभराने त्याची आई भेटायला आली. "सर, पोरगा मुद्दाम नाही हो करत. पाण्याचा पेला धरला तरी हात थरथरतो." आठ-दहा महिने ती माउली दवाखान्यांचे उंबरठे झिजवत होती. कोणी अशक्तपणा म्हणे, कोणी परीक्षेची धास्ती.

मी खजील झालो. कपाटातले जुने भित्तिपत्रक आणि त्याची नवी वही घेऊन मायलेकरांबरोबर मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर त्या दोन कागदांकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "बाई, याला लहानपणी कावीळ झाली होती का?"

"झाली होती की! सातवीत."

"मग आधी डोळे तपासून आणा."

दुखणे हाताचे, चौकशी काविळीची आणि तपासणी डोळ्यांची! पण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे 'स्लिट लॅम्प' नावाचे यंत्र असते. फटीएवढा अरुंद उजेड डोळ्यावर सोडायचा आणि भिंगातून डोळा मोठा करून पाहायचा. त्या उजेडात बुबुळाच्या कडेने सोनेरी-तपकिरी कडे दिसले. ते होते तांबे!

याला विल्सनचा विकार म्हणतात. साधारण ३० हजारांत १ माणसाला होणारा. अन्नातून येणारे जादा तांबे आपले यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. या रोग्यांत ते जमत नाही. तांबे यकृतात साठते, मग मेंदूत, डोळ्यांत. लंडनच्या डॉ. किनियर विल्सन यांनी १९१२ साली या विकाराचे वर्णन केले, तेव्हा त्यावर इलाज नव्हता. १९५६ साली डॉ. जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाइन हे औषध पुढे आणले. ते शरीरातले तांबे लघवीवाटे काढते. म्हणजे ओळखला तर आटोक्यात येणारा आणि न ओळखला तर जीव घेणारा असा हा रोग.

रक्त-लघवीच्या तपासण्यांनी निदान पक्के झाले. मग डॉक्टरांनी विचारले, "याला भावंडे?"

धाकटी बहीण होती. चौदा वर्षांची, खो-खोत कोणाच्या हाती न लागणारी. पण आईबाप दोघे धडधाकट असूनही त्यांच्याकडून सदोष जनुकाची एकेक प्रत येऊ शकते. प्रत्येक भावंडाला धोका चारांत एक. हे जनुक १९९३ साली सापडले. त्याचे नाव एटीपी७बी. आज थोड्याशा रक्तावरून यंत्र ते जनुक अक्षर न् अक्षर वाचते आणि संगणक निर्दोष प्रतीशी ताडून पाहतो. मला हे लगेच पटले. 'दिन'चा 'दीन' झाला की दिवसाचा भिकारी होतो, हे मी जन्मभर शिकवत आलो आहे!

मुलीच्या दोन्ही प्रतींत चूक निघाली. एकही लक्षण दिसण्याआधी तिचे औषध सुरू झाले. काजू, चॉकलेट बंद. आजीने तर तांब्याचा हंडा त्याच दिवशी माळ्यावर टाकला. आयुष्यभर त्यातले पाणी गुणाचे म्हणून नातवंडांना पाजत आली होती बिचारी.

ती मुलगी आज कॉलेजात आहे, अजून खो-खो खेळते. भावाची जीभ थोडी अडखळते. पण मध्यंतरी त्याचे पत्र आले, स्वहस्ते लिहिलेले. मोत्यांचे दाणे नव्हते, पण प्रत्येक शब्द लागत होता. मी ते दोनदा वाचले.

हल्ली कोणाचे अक्षर एकाएकी बिघडलेले दिसले, तर गुण कापण्याआधी मी त्याला बाजूला घेऊन विचारतो, "बरा आहेस ना रे?" बहुधा उत्तर येते, "सर, पेन खराब आहे."

ते ऐकून मला फार बरे वाटते.