एसी ३०चा दम

गिटारच्या ॲम्पची नक्कल आता संगणकात इतकी हुबेहूब उतरत असेल, तर खरा ॲम्प कशाला बाळगायचा? याचा छडा लावायला संपादकांनी मला पुण्यातल्या एका स्टुडिओत धाडलं. तिथल्या बंद खोलीत व्हॉक्स एसी ३० उभा होता. ३० किलोंहून जड पेटी, आत तापलेले व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या तोंडाशी माइक. शेजारच्या खोलीत बसलेला रेकॉर्डिस्ट आज त्याचं कॅप्चर, म्हणजे त्याच्या आवाजाची संगणकातली नक्कल, घेणार होता.

एसी ३० मूळचा इंग्लंडमधल्या डार्टफर्डचा. शॅडोज बँडला १५ वॉटचा आवाज पुरेना म्हणून १९५०च्या दशकाच्या अखेरीस तो घडला. पुढे तो बीटल्सनी वापरला आणि क्वीनच्या ब्रायन मेनेही. कॅप्चरचा इतिहास ताजा आहे. जर्मनीच्या ख्रिस्तोफ केंपर यांचा प्रोफायलर २०११ साली आला, दहा वर्षांनी हेलसिंकीच्या न्यूरल डीएसपीचा क्वाड कॉर्टेक्स. स्टीव्हन ॲटकिन्सन यांनी तर न्यूरल ॲम्प मॉडेलर सर्वांना फुकट दिला. इथेही तोच चालतो.

संगणकातून एक ठरावीक फाइल ॲम्पमध्ये सोडतात. टिकटिक, सरसर वर चढणारे सूर, खरखर, मग गिटारचे तुकडे. तीनेक मिनिटांत सगळं आटोपतं. ती फाइल आणि माइकने टिपलेला आवाज, दोन्ही न्यूरल नेटवर्कपुढे ठेवले जातात. आत काय शिरलं की बाहेर काय येतं, हे ते चुका कमी करत करत शिकतं. पेटीत व्हॉल्व्ह आहेत की आणखी काही, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं.

शिकणं संपल्यावर रेकॉर्डिस्टने खरा आवाज आणि नक्कल एकावर एक ठेवले आणि एकाची लाट उलटी केली. सारखं असेल ते एकमेकांना खाऊन टाकतं, उरतो तो फरक. उरली ती बारीकशी खसखस. दोन्ही आवाज मी डोळे मिटून ऐकले, मला ओळखू आले नाहीत. हे काम थोर आहे.

ती खसखस मात्र जोरात छेडलेल्या कॉर्डनंतर वाढत होती. कारण दाखवायला त्याने मला ॲम्पच्या मागे नेलं. "मॅडम, हा जीझेड ३४. सगळी गंमत याची आहे." हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह, एसी विजेची डीसी करणारा. तारा जोरात छेडल्या की आउटपुटचे चारही ईएल ८४ जास्त करंट ओढतात आणि व्होल्टेज क्षणभर पडतं, शेतातला पंप सुरू झाला की घरातला दिवा मंदावतो तसं. सूर आधी दबतो, मग फुलत वर येतो. गिटारवाले याला सॅग म्हणतात. तो कानांपेक्षा बोटांना आधी कळतो, कारण ॲम्प वाजवणाऱ्याला रेटा परत देत असतो. हे सावकाश घडतं, आणि नेहमीचं मॉडेल जेमतेम सेकंदाच्या एका लहान अंशापुरतं मागचं ध्यानात धरतं. त्याआधी किती जोर लावला होता, हे त्याच्या गावीही नसतं.

शिवाय एक कॅप्चर म्हणजे बटणांची एकच मांडणी. ट्रेबल जरा उतरवला की ॲम्पमध्ये बरंच काही बदलतं, ते हवं तर पुन्हा कॅप्चर घ्या. स्पीकरने ढकललेली हवा गिटारच्या तारांना हलवून सूर लांबवते, ते हेडफोनवर होत नाही. तरीही सोसायटीत राहणाऱ्या मुलाला एसी ३० पूर्ण आवाजात कुठे लावता येणार? त्याच्या हाती हा सूर आला याचा मला मनापासून आनंद आहे.

माझी काळजी निराळी आहे. कॅप्चर घ्यायला आधी चालू ॲम्प लागतो, आणि व्हॉल्व्ह झिजतात. रेडिओचे व्हॉल्व्ह एकेकाळी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही बनत; ते केव्हाच थांबलं. आज गिटार ॲम्पचे व्हॉल्व्ह मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात. मार्च २०२२मध्ये रशियाची निर्यात अडली तेव्हा भाव चढले आणि दुकानांतला माल आटला.

व्हॉल्व्ह मिळाला तरी पेटीत हात घालणारा माणूस हवा. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले राहू शकतात. ते उतरवल्याशिवाय आत बोट लावायचं नसतं. स्टुडिओचा हा ॲम्प सांभाळणारे काका रेडिओदुरुस्तीतून आलेले, सत्तरी ओलांडलेले. त्यांच्या हाताखाली सध्या कुणी शिकत नाही. बटणं फिरवून रेकॉर्डिस्ट संध्याकाळपर्यंत एकामागून एक कॅप्चर घेत राहिला. जीझेड ३४ बदलायला आलाय, आणि नवा बसवल्यावर हाच आवाज राहील असं काका छातीठोकपणे सांगायला तयार नाहीत.