फोन लागला, पण नेट नाही

लिनक्सच्या जन्मकथेत एक मोडेम आहे. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सला घरच्या ३८६ संगणकावरून विद्यापीठाच्या संगणकाला फोन लावायचा होता. त्यासाठी लिहिलेला टर्मिनलचा प्रोग्रॅम वाढत वाढत ऑपरेटिंग सिस्टिम झाला. त्याच सुमारास मोडेमच्या जागी चुकून हार्ड डिस्कचं नाव पडलं, डायल करण्याच्या आज्ञा थेट डिस्कवर लिहिल्या गेल्या आणि तिथली मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम उडाली. युनिक्सच्या घराण्यात प्रत्येक यंत्र म्हणजे एक फाइल, आणि मालकाने फाइलवर काय लिहावं याची कुणी विचारपूस करत नाही.

आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. खासगी कंपन्यांना १९९८ च्या नोव्हेंबरात वाट मिळाली. त्याच दशकात पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी येऊ लागली आणि मोठा पेच पडला. लिनक्स हातात, नेट लागत नाही, आणि का लागत नाही याची माहिती नेटवर! मग विंडोजमध्ये शिरायचं, माहिती छापून घ्यायची, परत लिनक्समध्ये यायचं आणि कागद मांडीवर ठेवून एकेक आज्ञा टाइप करायची.

पहिला प्रश्न साधा: मोडेम संगणकाला दिसतोय का? विंडोजचा कॉम-१ लिनक्समध्ये टीटीवायएस-० होतो, कॉम-२ टीटीवायएस-१, मोजणी शून्यापासून. मिनिकॉम हा मोडेमशी बोलायचा प्रोग्रॅम उघडून 'एटी' टाइप करायचं. 'ओके' आलं तर मोडेम जिवंत. नाही आलं तर पोर्ट चुकलाय, किंवा तो वापरायची परवानगी फक्त रूटला, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याला, आहे आणि आपलं नाव डायलआउट गटात नाही, किंवा मागच्या वेळी अर्धवट मेलेल्या प्रोग्रॅमची कुलूप-फाइल तशीच पडून आहे.

यातलं काहीच नसेल तर बहुधा विनमोडेम. स्वस्तातल्या पीसीआय मोडेममधून कंपन्यांनी डोकं काढून टाकलं होतं. आवाजाचे आकडे करण्याचं काम संगणकाच्या प्रोसेसरवर ढकललेलं, आणि ते करणारं सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठी. लिनक्सवाल्याला पत्र्याचा तुकडा मिळायचा. ल्युसेंटच्या चिपसाठी ड्रायव्हर निघाला. कोनेक्झंटच्या चिपसाठी लिनक्संट कंपनीने दिला, पण फुकट आवृत्तीचा वेग १४.४ केबीपीएसवर बांधून. माझं तेव्हाही मत हेच होतं की दुप्पट पैसे पडले तरी सीरियल पोर्टला लागणारा बाहेरचा मोडेम घ्यावा. त्याचे दिवे निम्मं निदान करून देतात.

मोडेम बोलला, पण 'नो डायलटोन' म्हणाला तर? आपल्या एक्स्चेंजचा टोन मोडेमच्या कानाला ओळखीचा वाटेलच असं नाही. सुरुवातीच्या आज्ञेत 'एक्स-३' घातलं की तो टोनची वाट न पाहता नंबर फिरवतो. एक्स्चेंज जुनं असेल तर 'एटीडीटी'ऐवजी 'एटीडीपी', म्हणजे पल्स. पावसाळ्यात जोडडबीत पाणी शिरून लाइन खरखरू लागली की 'नो कॅरियर', आणि त्याला लिनक्स काय करणार? कॉल वेटिंगची टूंटूं आली किंवा घरात कुणी दुसरा रिसीव्हर उचलला तरी तेच. आणि 'कनेक्ट ११५२००' पाहून हुरळून जाऊ नये. तो संगणक ते मोडेम या हातभर केबलचा वेग. टेलिफोनच्या तारेवर व्ही-९० या मानकाची मर्यादा सेकंदाला ५६ हजार बिट, तीही खाली उतरवताना.

खरी गंमत कनेक्टनंतर. इथून पीपीपीचा, म्हणजे फोनच्या तारेवरून नेट चालवणाऱ्या नियमांचा, कारभार: आधी दोन यंत्रं जोडणीच्या अटी ठरवतात, मग नाव-पासवर्ड, मग आयपी पत्ता. हे सगळं लॉगमध्ये ओळीओळीने उतरतं. फोन लावणाऱ्या प्रोग्रॅमांत केपीपीपीची खिडकी देखणी होती, पण सगळं पडद्यावर ओकणारा डब्ल्यूव्हीडायल मला जास्त उपयोगी वाटला. अटींच्या विनंत्या पाठवून पाठवून वेळ संपली असं लॉग म्हणत असेल, तर बहुधा पलीकडचा अजून लॉगिनचं नाव विचारतोय आणि आपण आधीच पीपीपी सुरू केलंय. लॉगिन झाल्यावर मिनिकॉममध्ये महिरपी कंसांचा कचरा सांडू लागला की समजावं, पलीकडे पीपीपी सुरू झालं.

एका निरोपाने मात्र भल्याभल्यांना फिरवलं. समोरच्या यंत्राने स्वतःची ओळख पटवली पाहिजे, पण त्यासाठीचा पासवर्ड मला सापडत नाही, अशा अर्थाचा तो निरोप. वाचणारा पासवर्ड पुन्हा टाइप करतो, पासवर्ड ठेवणारी पॅप-सीक्रेट्स फाइल तपासतो, सर्व्हिसवाल्याला फोन करतो. घोडं पेंड खात असतं लॅन कार्डापाशी. त्या कार्डामुळे यंत्रात आधीच एक डिफॉल्ट रूट, म्हणजे बाहेर जाण्याचा ठरलेला रस्ता, असेल तर पीपीपी चालवणारा पीपीपीडी प्रोग्रॅम सावध होतो. या यंत्रामागे आणखी जाळं आहे, तेव्हा येणाऱ्याची ओळख तपासा, असा त्याचा हिशेब. म्हणजे तक्रार आपल्या पासवर्डची नव्हेच. तो सर्व्हिसवाल्याकडे ओळखपत्र मागतोय! पीपीपीडीच्या पर्यायांत 'नोऑथ' लिहिलं की जोडणी होते, पण जुना रूट हटवला नाही तर पीपीपीडी तो बदलत नाही. फोन लागलेला, आयपी मिळालेला, बिल चालू, आणि सगळी पाकिटं लॅनच्या दिशेने. रूटची यादी पाहून जुनी नोंद काढायची, मग फोन लावायचा.

एवढं करूनही पान उघडत नसेल तर आधी आकडी पत्त्याला पिंग करावं. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर रस्ता ठीक आहे. रिझॉल्व्ह-कॉन्फ फाइलमध्ये नावाचा आकडी पत्ता सांगणारा नेमसर्व्हर नाही.

अमेरिकेत एओएलने ३० सप्टेंबर २०२५ ला डायल-अप बंद केलं. पीपीपी मात्र कित्येक घरांतल्या फायबरच्या राउटरमध्ये पीपीपीओई या रूपाने राबतोय, आणि त्यातले बरेचसे राउटर लिनक्सवरच चालतात. पीपीपीओईच्या वेष्टनात ८ बाइट जातात, म्हणून १५०० चं पाकीट १४९२ वर येतं. फायबर चालू असून काही साइट्स उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात, तेव्हा अशा राउटरच्या पानावर एमटीयूचा, म्हणजे पाकिटाच्या कमाल आकाराचा, आकडा बघा. १५०० असेल तर १४९२ करा.