जोडणीची गोष्ट – भाग ६ : पोच येऊ द्या, मग टेम्पो सोडा

गेल्या आठवड्यात आपण सॉकेट उघडून जोडणी केली. आता त्या जोडणीवर माहिती कधी आणि किती सोडायची, ते पाहू.

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यात केनवड हे महसूल मंडळ आहे. 'महावेध' प्रकल्पातून २०१७ पासून राज्यात मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. म्हणजे या आकड्यावर शेतकऱ्याची भरपाई अवलंबून. अशा केंद्राचा प्रोग्राम आपणच लिहितोय, असं समजा.

तापमान ३१.४, आर्द्रता ७८. नवशिका प्रोग्रामर प्रत्येक आकड्याला वेगळा 'सेंड' लावतो. '३१.४' साध्या इंग्रजी अंकांत चार बाइट, पण त्यावर आयपी आणि टीसीपीची शीर्षकं मिळून किमान ४० बाइट चढतात. एक कट्टा सोयाबीन घेऊन रिसोडच्या बाजार समितीला कोणी अख्खा टेम्पो पाठवतं का?

हीच उधळपट्टी पाहून जॉन नेगल यांनी १९८४ साली नियम मांडला. आधी पाठवलेल्या मालाची पोच यायची असेल, तर किरकोळ माल साठवून ठेवा. पोच आली किंवा पाकीट भरलं, की सोडा. आज बहुतेक संगणकांत हा नियम मुळातच चालू असतो.

अडचण पलीकडच्या टोकाला येते. उत्तरासोबतच पोच धाडू म्हणून तेही थोडं थांबतं. कुठे ४०, कुठे २०० मिलिसेकंद. आपण पोचेसाठी अडलेले, ते उरलेल्या मालासाठी. हवामान केंद्राला एवढ्या विलंबाने फरक पडत नाही. दूरच्या संगणकावर टंकन करणाऱ्याला किंवा ऑनलाइन खेळणाऱ्याला मात्र तो जाणवतो. तिथे 'टीसीपी नोडिले' हा पर्याय चालू करून नेगलचा नियम बंद करतात.

पण तो पर्याय लावला म्हणजे काम झालं, असं नाही. टीसीपीला तुमचे 'सेंड' वेगवेगळे दिसत नाहीत. त्याच्या लेखी तो बाइटांचा एकच ओघ. म्हणून '३१.४' आणि '७८' पलीकडे '३१.४७८' असे चिकटून वाचले जाऊ शकतात. नियम बंद केला तरी हा धोका राहतोच. उद्या त्यात पावसाचा आकडा असेल.

तेव्हा सगळे आकडे आधी एका ओळीत जुळवा, मध्ये स्वल्पविराम आणि शेवटी ओळ संपल्याची खूण घाला, आणि एकाच 'सेंड'ने पाठवा. घेणाऱ्यानेही ती खूण दिसेपर्यंत वाचत राहावं. 'सेंड' परत आला म्हणजे माहिती पोहोचली, असंही समजू नका. ती फक्त आपल्याच संगणकाच्या साठ्यात गेलेली असते.

या आठवड्यात तुमचा जुना प्रोग्राम उघडा आणि एका नोंदीसाठी किती वेळा 'सेंड' लिहिलंय, ते मोजा. एकाहून जास्त असेल, तर दुरुस्ती तिथूनच सुरू करा.