वडगांवच्या जयापूर्वींचा समेट

वडगांव येथें १७७९ च्या जानेवारींत इंग्रजांस जो तह पत्करावा लागला, त्याचें श्रेय बहुधा रणांगणास दिलें जातें. आमच्या मतें त्या जयाचें बीज सहा महिने आधींच्या एका समेटांत आहे.

नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर (१७७३) रघुनाथरावांविरुद्ध उभ्या राहिलेल्या कारभारी मंडळांतच १७७८ मध्यें फूट पडली. मोरोबादादा फडणीस रघुनाथरावांस पुण्यास आणूं पाहत होते व तुकोजी होळकर त्यांस सामील होते. नाना फडणीस व महादजी शिंदे यांनीं होळकरांशीं लढाई न मांडतां त्यांस वळवून घेतलें. मोरोबा एकटे पडले आणि जुलैंत कैद झाले. पुढें सुमारें ४००० इंग्रज फौज रघुनाथरावांसह बोरघाट चढून आली, तेव्हां होळकर आपल्यास मिळतील ही त्यांची आशा फोल ठरली. मराठ्यांनीं तळेगांव जाळून दाणावैरण तोडली व परतणारी फौज वडगांवास कोंडली.

चोवीस वर्षांनीं असा समेट कोणी घडविला नाहीं. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं यशवंतराव होळकरांनीं पुण्याजवळ शिंदे व पेशवे यांच्या फौजा मोडल्या. बाजीरावांनीं ३१ डिसेंबरास वसईस इंग्रजांशीं तह केला. १८०३ त शिंदे व भोसले लढत असतां होळकर अलग राहिले आणि १८०४ त त्यांस एकट्यानेंच लढावें लागलें.

१७७८ तही या घराण्यांत स्नेह होता असें नाहीं. परचक्र दाराशीं येण्यापूर्वीं घरचा तंटा मिटविणारीं माणसें तेव्हां होतीं, एवढाच भेद आम्हांस दिसतो. आणि तो लहान नव्हे.