सावली पुसट, फुलं टवटवीत

नल्लकुंट्यात आमच्या गच्चीवर मेच्या दुपारी बोटांची सावली चाकूने कापल्यासारखी पडते. ९ मेच्या आसपास तर हैदराबादेत सूर्य थेट डोक्यावर येतो. मावळात, तळेगाव दाभाड्याच्या गुलाब-जरबेराच्या पॉलीहाउसमध्ये हात धरा, सावलीची कड विरघळलेली दिसेल. ही किमया प्रकाश विखुरणाऱ्या २०० मायक्रॉनच्या प्लास्टिकची!

साधं शेडनेट ऊन कमी करतं. विखुरणारं प्लास्टिक मात्र ऊन फारसं न अडवता त्याला चहूबाजूंनी पसरवतं. थेट उन्हात वरची पानं गरजेपेक्षा जास्त प्रकाश झेलतात, प्रसंगी करपतात, आणि खालची अंधारात उपाशी राहतात. विखुरलेला प्रकाश तिरका शिरून खालच्या पानांनाही कामाला लावतो. नेदरलँड्समध्ये प्रकाश विखुरणाऱ्या काचेखाली टोमॅटोचं उत्पन्न वाढल्याचं वाखेनिंगेनच्या संशोधकांनी दाखवलंय.

आपल्याकडे उष्णताही आवरावी लागते, म्हणून आत ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा सरकता पडदा लावतात. तो भर दुपारी ओढायचा आणि ऊन उतरलं की उघडायचा. दिवसभर ओढून ठेवला, तर फुलांचे दांडे बारीक पडतात. आणि छतावरची धूळ धुवाच! ती प्रकाश पसरवते खरी, पण खातेही भरपूर.